मागावरच्या मेरीचा माग

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई मूळच्या पुण्याच्या, सासर इंग्रज. सासूबाईंनी घर आवरताना त्यांच्या हाती तीन वस्तू दिल्या: एक जाडजूड बायबल, पुठ्ठ्यावर चिकटवलेला एका तरुण बाईचा फोटो आणि काळ्या कडेचं एक शोकपत्र. बायबलच्या आतल्या पानावर मेरी नावाच्या बाईचं लग्न मे १८५९ मध्ये झाल्याची आणि तिच्या सहा मुलांच्या जन्माची नोंद आहे, पहिला मुलगा फेब्रुवारी १८६०चा. शोकपत्रावर मृत्यू १९१३, वय ७४, गाव प्रेस्टन, लँकेशायर. माहेरचं आडनाव कुठेच नाही. ‘ती आमची मेरी पणजी, साधी गृहिणी होती,’ एवढंच सगळे सांगतात. इंटरनेटवरच्या चार वंशवृक्षांत तिची चार वेगवेगळी जन्मसालं आहेत. हिचं आयुष्य कसं शोधायचं, आणि शोधून काही हाती लागेल का?

लागेल, पुष्कळ लागेल. आणि ‘साधी गृहिणी’ हे बहुधा पहिल्या आठवड्यातच गळून पडेल. प्रेस्टन हे कापसावर जगणारं गाव होतं. तिथल्या कष्टकरी घरांत लग्नानंतरही मागावर जाणाऱ्या बायका इतक्या होत्या, की नुसती घरी बसलेली सून हीच नवलाईची गोष्ट वाटावी.

मी गेली अठरा वर्षं लँकेशायरमधल्या घराण्यांचे जुने कागद शोधून द्यायचं काम करतो. माझी आजी परळला गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिच्या तोंडचे वाइंडर, रीलर, डॉफर हे शब्द इथल्या जनगणनेच्या वह्यांत पहिल्यांदा दिसले तेव्हा शांत वाचनकक्षात मी एकटाच मोठ्याने हसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यामुळे प्रेस्टनच्या विणकर बाया मला काही परक्या वाटत नाहीत.

कामाला लागण्याआधी एक सवय लावून घ्या. त्या काळची गरीब बाई कागदावर येते ती कुणाची तरी कोण म्हणून. अमक्याची बायको, तमक्याची आई, फलाण्याच्या मृत्यूची खबर देणारी. म्हणून कागद हातात आला की आधी हे पाहायचं, की यातली माहिती सांगितली कोणी, लिहून कोणी घेतली, आणि तेव्हा ती स्वतः तिथे हजर होती का. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता बायबल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मुखपृष्ठाच्या आतलं पान दिसतं, त्यावर छपाईचं साल १८७३ आहे. लग्नाची नोंद १८५९ची, शेवटच्या मुलाची १८७१ची. सगळ्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या आणि एकाच दमात लिहिल्यासारख्या. म्हणजे जसजशी मुलं झाली तसतशी ही पानं भरलेली नाहीत. बायबल घरात आल्यावर कुणीतरी एका बैठकीत, आठवून किंवा जुन्या चिठोऱ्यांवरून उतरवून काढलंय. अशा नोंदीत मुलांचे जन्मदिवस सहसा बरोबर असतात, कारण ते घरात साजरे होत नसले तरी आईच्या लक्षात असतात. लग्नाचं साल मात्र सोयीने सरकतं. मेमध्ये लग्न आणि फेब्रुवारीत मूल, असं नऊ महिन्यांचं नेटकं गणित दिसलं की मी आधी पुढच्या काही महिन्यांतली लग्नं तपासतो. लग्नाच्या वेळी नवरी पोटुशी असणं या समाजात सर्रास होतं, आणि पुढे नातवंडांसमोर बायबल उघडायची वेळ आली की तारीख काही महिन्यांनी मागे जायची. मला शंका आहे, खात्री नाही. तुम्हाला दोन दिवसांत कळेल.

फोटोबद्दल थोडं वाईट वाटेल असं सांगतो. ही मेरी नाही. बाह्या पाहा. खांद्यापाशी फुग्यासारख्या फुगलेल्या आणि कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट. या बाह्या १८९३ ते १८९६च्या दरम्यान जोरात होत्या, १८९५च्या सुमाराला तर अगदी कहर. तेव्हा मेरी पंचावन्नच्या घरातली. फोटोतली मुलगी फार तर पंचविशीची आहे. लेक असेल, सून असेल. मेरीच्या पंचविशीतला, म्हणजे १८६०च्या दशकातला फोटो असता तर घेरदार झगा, मधोमध भांग पाडून चापून बसवलेले केस, आणि पत्त्याच्या पानाहून जरा मोठं कार्ड असतं. तरी फोटो टाकाऊ नाही. पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचं नाव-पत्ता छापलाय ना, तो त्या वर्षांच्या व्यापारी निर्देशिकांत शोधा. त्या पत्त्यावर तो फोटोवाला कोणकोणत्या साली होता ते कळलं की बाह्यांचा पुरावा पक्का होईल. आणि सासूबाईंना ‘ही कोण?’ असं विचारू नका, त्या ‘मेरी’च म्हणतील. ‘हा फोटो आधी कोणाकडे होता?’ असं विचारा. ज्या शाखेकडून आला, बहुधा त्याच शाखेतली ती मुलगी.

माहेरचं आडनाव सोपं आहे, आणि ते मुलांकडून मिळतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसची जी जुनी छापील सूची होती तिच्यात आईचं माहेरचं आडनाव १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासून पुढेच मिळायचं. पण २०१६मध्ये त्यांनी नवी ऑनलाइन सूची खुली केली, तिच्यात ते थेट १८३७पासून आहे. खातं फुकट उघडता येतं. आडनाव आणि मुलगा की मुलगी हे भरावंच लागतं, आणि एका वेळी दिलेल्या सालाच्या दोन वर्षं मागे-पुढेच शोध जातो; म्हणून मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, पाच-पाच वर्षांचे टप्पे पाडून बसायचं. बायबलमधल्या तिसऱ्या-चौथ्या मुलाचं नाव घ्या, त्यातल्या त्यात जरा वेगळं असेल ते. प्रेस्टन जिल्हा, ते साल. त्या ओळीत आईचं माहेरचं आडनाव येईल. दुसऱ्या मुलावरही तेच आलं की आडनाव पक्कं.

मग निदान एका मुलाच्या जन्माचा दाखला मागवाच. जुन्या जन्मनोंदींची नुसती डिजिटल प्रतिमा आता कागदी दाखल्याच्या मानाने बरीच स्वस्तात मिळते. आईच्या रकान्यात ‘मेरी अमुक, फॉर्मर्ली तमुक’ असं असेल तर तमुक हे माहेर. ‘मेरी अमुक, लेट ढमुक, फॉर्मर्ली तमुक’ असं असेल तर मात्र खुर्चीत सावरून बसा. याचा अर्थ आधी एक लग्न झालेलं आहे, ढमुक हे पहिल्या नवऱ्याचं आडनाव. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त लोक हा ‘लेट’ वाचतच नाहीत, आणि मग माहेरच्या आडनावाने लग्न सापडत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. याच दाखल्यावर खबर कोणी दिली तेही असतं. बहुतेक वेळा आईच. सही असेल किंवा फुली.

इथे कुलवृत्तांत आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे घराण्याचे एवढाले ग्रंथ निघाले, पण सून त्यात येते ती सासरच्या नावाने. नाव बदललेलं, कंसात माहेरचं आडनाव असलं तर नशीब, आणि लेक लग्न होऊन गेली की तिची ओळ तिथेच थांबते. इंग्रज बाईचं फक्त आडनाव जायचं; आपल्या आज्यांचं पाळण्यातलं नावही जायचं. त्या मानाने तुमचं काम सोपं आहे.

लग्न शोधताना १९१२च्या आधीच्या सूचीत जोडीदाराचं नाव शेजारी नसतं. नवऱ्याची ओळ आणि बायकोची ओळ वेगवेगळी शोधायची, आणि तिमाही, जिल्हा, खंड, पान हे चारही जुळले तर ते एकाच पानावरचे. १८५२नंतर प्रेस्टनचा खंड ‘८ ई’. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर हे फुकट होतं. लँकेशायर बीएमडी ही स्थानिक निबंधक कार्यालयांच्या नोंदींवरून केलेली सूचीही पाहा, कारण तिथे लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं ते कळतं, आणि चर्च कळलं की मूळ नोंदवहीपर्यंत जाता येतं.

मूळ वही का पाहायची? सरकारकडे गेलेली नोंद ही कारकुनाने उतरवलेली नक्कल आहे. तिच्यातल्या सह्यासुद्धा त्याच्याच हातच्या. चर्चच्या वहीत मेरीने स्वतः टाक धरलेला असतो. तिथे फुली असली तर ‘निरक्षर होती’ असं लगेच लिहून मोकळे होऊ नका. रविवारच्या शाळांत पुष्कळ मुलींना वाचायला शिकवायचे, लिहायला नाही. सब्बाथच्या, म्हणजे देवासाठी राखलेल्या सुट्टीच्या दिवशी लिहिणं म्हणजे काम, असं मानणारे बरेच होते. अशी बाई बायबल घडाघडा वाचायची आणि सहीला फुली मारायची. शिवाय नवऱ्याने फुली मारलेली पाहून, त्याचा पाणउतारा नको म्हणून, येत असूनही फुली मारणाऱ्या नवऱ्या होत्या असं म्हणतात. ते एखाद्या बाईबद्दल सिद्ध करता येतं ते तिची दुसरीकडे सही सापडली तरच.

वयाच्या रकान्यात ‘फुल एज’ म्हणजे एकवीस किंवा जास्त, एवढंच. वडिलांचं नाव आणि धंदा दोघांचाही असतो. आईचं नाव नाही. आणि हे काही फक्त व्हिक्टोरिया राणीच्या काळात नव्हतं बरं का; इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव आलं ते ४ मे २०२१पासून. आपल्या महाराष्ट्राने १ मे २०२४नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा कोणी कोणाला नावं ठेवायची कारण नाही. वडिलांच्या रकान्याबद्दल एक इशारा: अनौरस जन्मलेली नवरी चारचौघांत रिकामा रकाना नको म्हणून आपल्याच आडनावाचा एखादा बाप सांगून टाकायची. असा बाप कुठल्याही जनगणनेत सापडत नाही. सापडला नाही तर आईच्या बाजूने जा.

साक्षीदारांची नावं उतरवून घ्या. दोन असतात. एक बहुतेक वेळा भाऊ, बहीण किंवा गिरणीतली मैत्रीण. पुढच्या जनगणनेत हीच मैत्रीण तीन घरं सोडून राहताना दिसली की मेरीला आपण योग्य रस्त्यावर गाठलं हे कळतं.

प्रेस्टनमध्ये कॅथलिक वस्ती मोठी. मेरी कॅथलिक निघाली तर तुमचं नशीब उघडलं म्हणायचं. अँग्लिकन बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यात आईचं नुसतं पाळण्यातलं नाव असतं. कॅथलिक वहीत लॅटिनमध्ये ‘मारिया’ होऊन का असेना, ती बहुधा माहेरच्या आडनावासकट येते, आधी ‘ओलिम’ (म्हणजे ‘पूर्वीची’) हा शब्द. शिवाय धर्ममाता-धर्मपिता कोण ते. म्हणजे मावश्या आणि मामा आयते.

आता जनगणना, आणि इथे खरा वेळ घालवा. दर दहा वर्षांनी, १८४१पासून. ७४ वय खरं मानलं तर १८५१मध्ये मेरी बाराची. १८४४च्या कारखाना कायद्याने आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा अशी मुभा दिली होती. त्यांना हाफ-टायमर म्हणत. त्या वहीत तिच्या नावापुढे नुसतं ‘स्कॉलर’ (म्हणजे शाळेत जाणारी) आहे, की कापसाशी जोडलेलं काही काम, ते पाहा. १८६१मध्ये ती बावीसची, कडेवर वर्षाचं पोर. धंद्याच्या रकान्यात ‘कॉटन वीव्हर’ किंवा ‘पॉवर लूम वीव्हर’ असेल तर लगेच पुढचा प्रश्न पडला पाहिजे: मग पोर कोण सांभाळतंय? घरात सासू आहे? दहा वर्षांची नणंद? शेजारी एखादी म्हातारी, जिच्यापुढे ‘नर्स’ लिहिलंय? ती दवाखान्यातली नर्स नव्हे, गल्लीतली पोरं राखणारी बाई. मी नेहमी आपल्या माणसाच्या पानाच्या आधीची दोन आणि नंतरची दोन पानं वाचतो. घर कळायचं तर गल्ली कळावी लागते.

बायकोच्या धंद्याचा रकाना रिकामा असला तर त्याचा अर्थ काम नव्हतं असा नाही. घरी बसून केलेली शिलाई, धुणी, पाहुणे-भाडेकरू ठेवणं हे प्रगणक धरतच नसत, आणि त्याला माहिती देणारा होता घरातला पुरुष. गिरणीतली नियमित नोकरी मात्र लँकेशायरमध्ये बऱ्यापैकी लिहिली जाई, कारण ती लपवण्यासारखी नव्हती. मागावरची मजुरी कापडाच्या नगावर, आणि नगाचा दर बाई-पुरुषांना एकच. त्या काळात हे फार थोड्या धंद्यांत होतं.

१८६१नंतरची चार वर्षं मेरीच्या आयुष्यात काय झालं असेल ते मला तिचा एकही कागद न पाहता थोडंफार सांगता येतं. अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतला कापूस यायचा थांबला, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १८६२चा हिवाळा सर्वांत वाईट. मदत समित्यांनी बेकार गिरणी-मुलींसाठी शिवणाचे वर्ग काढले. वर्गाला हजेरी लावली की थोडे पैसे, म्हणजे फुकटचा धर्मादाय नको आणि हात रिकामे नकोत. प्रेस्टनची मिलर पार्क आणि अ‍ॅव्हनहॅम पार्क ही बेकार गिरणी कामगारांच्या हातांनी घडली. नदीकाठी जाल तेव्हा जरूर पाहा. गंमत म्हणजे त्याच १८६२मध्ये प्रेस्टन गिल्डचा, म्हणजे गावच्या जुन्या व्यापारी संघाचा उत्सव होता. तो वीस वर्षांतून एकदा येतो, म्हणून लँकेशायरमध्ये क्वचित घडणाऱ्या गोष्टीला ‘प्रेस्टन गिल्डला एकदा’ म्हणतात, आपण कपिलाषष्ठीचा योग म्हणतो तसं. गावात अन्नछत्रं आणि मिरवणुका एकाच वर्षी.

आणि मग आला तो आपला कापूस. मुंबई बंदरातून जाणारा माल, खानदेशचा असो, वऱ्हाडचा असो की भडोचचा, तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणून ओळखला जाई. आखूड धाग्याचा, कचरा-माती असलेला. सूत सारखं तुटायचं, मागावर उभ्या बाईचा वेळ गाठी मारण्यात जायचा, आणि मजुरी नगावर असल्याने पोटाला चिमटा. प्रार्थनेत कुणीतरी ‘देवा, कापूस धाड, पण सुरतचा नको’ म्हणाल्याचा किस्सा तिकडे अजून सांगतात. इकडे मुंबईत त्याच कापसावर सोन्याचा धूर निघत होता, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअर्सवर लोक वेडे झाले होते, आणि १८६५मध्ये युद्ध संपलं तसा फुगा फुटला. माझी आजी ज्या धंद्यात पुढे राबली त्याची सुरुवातीची यंत्रंही लँकेशायरहूनच आलेली. असो, विषयांतर झालं.

या वर्षांत मेरीचा नवरा किंवा ती कुठे होती ते मुलांच्या जन्मदाखल्यांवरच्या पत्त्यांवरून लावा. १८६० ते १८६५मध्ये दर मुलागणिक गल्ली बदललेली दिसली तर भाडं थकत होतं असं समजायला जागा आहे. मधे एखादं मूल भलत्याच जिल्ह्यात, यॉर्कशायरमध्ये वगैरे जन्मलेलं निघालं तर कामाच्या शोधात घर हललं होतं. जनगणना दहा वर्षांतून एकदा फोटो काढते. मुलं मधली वर्षं भरून देतात.

आता बायबलमधल्या सहा मुलांवर थांबू नका. लग्नाच्या सालापासून मेरी अठ्ठेचाळीस वर्षांची होईपर्यंत, बापाचं आडनाव अधिक आईचं माहेरचं आडनाव, प्रेस्टन आणि आजूबाजूचे जिल्हे, असा सबंध पट्टा काढा. सहाच्या जागी आठ, नऊ, दहा निघाले तर दचकू नका. मग मृत्यूची सूची उघडा. नव्या सूचीत मृत्यूचं वय १८३७पासून आहे, जुन्या छापील सूचीत ते १८६६पासून होतं. शून्य, एक, दोन वर्षांची त्या आडनावाची मुलं एकेक करून जुळवा. एक नाव दोनदा आलं तर बहुतेक वेळा पहिलं मूल गेलंय आणि पुढच्याला तेच नाव दिलंय. वंशवृक्षवाले इथेच फसतात, मेलेल्या मुलाचा जन्म जगलेल्याला चिकटवतात. (मृत जन्मलेली मुलं यात नसणार; त्यांची नोंदणी इथे १९२७मध्ये सुरू झाली.)

ज्या मुलांचा मृत्यू १८८७पर्यंत झाला असेल त्यांच्या नोंदीच्या प्रतिमाही स्वस्तात मिळतात. एखादी तरी मागवा, आणि कारणाच्या आधी खबर देणाऱ्याचा रकाना वाचा. ‘मेरी अमुक हिची खूण, मृत्युसमयी हजर’ असं तिथे असतं, फुलीसकट किंवा सहीसकट. सबंध आयुष्यात तिने स्वतः तोंडाने सांगून लिहून घेतलेल्या ज्या मोजक्या ओळी उरल्या आहेत, त्यांतली ही एक. कारणात ‘कन्व्हल्शन्स’ म्हणजे आकडी, ‘डायरिया’ म्हणजे बहुधा उन्हाळ्यातला जुलाब. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत तान्ही मुलं जास्त दिसली तर ते याचंच. थडगं शोधायला गेलात तर दगड सापडायची आशा धरू नका. सामाईक कबरीत चार-सहा अनोळखी कुटुंबांची माणसं एकावर एक असत. दफनाच्या वहीत कबरीचा क्रमांक मात्र मिळतो.

बाकीचं भराभर सांगतो. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये प्रेस्टनची जुनी वर्तमानपत्रं वाचता येतात. मेरीच्या नावाने नव्हे, गल्लीच्या नावाने शोधा. शेजारणींची भांडणं, मुलगा शाळेत पाठवला नाही म्हणून दंड, गिरणीतला अपघात, असं काही ना काही निघतं. लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेबद्दलचा कायदा १८८२चा, १ जानेवारी १८८३पासून लागू. त्याआधी नवरा जिवंत असलेल्या बाईचं मृत्युपत्र जवळजवळ नसतंच. पण मेरी विधवा होऊन १९१३मध्ये गेली असेल तर १८५८पासूनच्या मृत्युपत्रांच्या सरकारी यादीत एकदा पाहून घ्या, शंभर पौंडांच्या आतल्या मिळकतीही त्यात असतात. घटस्फोटाच्या भानगडीत शोध घालवू नका, तो या लोकांना परवडणारा नव्हता. मधल्या एखाद्या जनगणनेत नवरा गायब आणि ती ‘विवाहित’ अशी दिसली तर आधी वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवायची जागा), इस्पितळ, तुरुंग आणि सैन्य पाहा.

चार वंशवृक्षांतली चार जन्मसालं कुठून आली ते मी सांगू शकतो. एक मृत्यूच्या वयावरून, एक जनगणनेवरून, एक त्याच नावाच्या दुसऱ्याच मुलीच्या बाप्तिस्म्यावरून, आणि चौथं पहिल्या तिघांपैकी कुणाचं तरी चुकून उतरवलेलं. हसू नका, मी स्वतः एकदा चार महिने चुकीच्या बाईच्या मागे होतो. दोन चुलत बहिणी, दोघींचं नाव एक, वयात दोन वर्षांचं अंतर. मृत्यूच्या दाखल्यावरचं वय मी देववाक्य मानलं. खबर देणारा होता जावई. जावयाला सासूचं वय काय ठाऊक असणार, त्याने अंदाज ठोकून दिला होता. ज्या घराचं काम करत होतो त्यांना पैसे परत दिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा तुमच्या शोकपत्रावरचं ७४ हे वय पेन्सिलीने लिहा. जन्म १८३६ ते १८४२ अशा पट्ट्यात धरा (सरकारी नोंद जुलै १८३७पासूनच मिळेल), १८७५ला सक्ती कडक होण्यापूर्वी काही जन्म नोंदलेच गेले नाहीत हे लक्षात ठेवून बाप्तिस्मेही पाहा, आणि माहेरच्या घरातल्या भावंडांची नावं १८४१ व १८५१मध्ये जुळली तरच शाई वापरा.

मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात मात्र शेवटच्या टोकाने, १९११च्या जनगणनेपासून केली असती. आधीच्या सगळ्या जनगणनांत आपल्याला प्रगणकाची वही मिळते, घरोघरी भरलेले मूळ तक्ते नष्ट झाले. १९११चा तक्ता मात्र घरातल्याच माणसाने भरलेला तसाच्या तसा आहे. त्यात विवाहित बायकांना विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, एकूण किती मुलं जिवंत जन्मली, किती आहेत, किती गेली. विधवांनी हे भरायचं नव्हतं. पण किती तरी विधवांनी भरलं, आणि मग कुणा अधिकाऱ्याने वेगळ्या शाईने त्यावर रेघ मारली. रेघेखालचा आकडा स्वच्छ वाचता येतो. माझ्याकडच्या एका कामात अकरा, सहा, पाच असे तीन आकडे होते, तिरक्या रेघेखाली. घरच्यांना त्या पाचांपैकी दोनच ठाऊक होते.

मेरी तेव्हा बहात्तरीच्या आसपास. ती स्वतः कुटुंबप्रमुख म्हणून राहत असेल तर तक्त्याच्या तळाशी सही तिची असेल. लेकीने भरून दिला असेल तर अक्षर लेकीचं निघेल, तेही कळेल. त्या सहीचा आणि बायबलमधल्या पानाचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. ‘एम’ आणि ‘वाय’ या दोन अक्षरांच्या वळणाकडे पाहा, आणि लग्नाच्या वहीत फुली होती का तेही सोबत लिहून पाठवा.